चौदाव्या ग्रीनची पाणीपाळी

राजन खोब्रागडे गोल्फच्या मैदानावर दहा वर्षं कामाला होता, पण गोल्फची काठी त्यानं एकदाही हातात धरली नव्हती. कॅनडात, मिसिसागातल्या मराठी मंडळात कोणी कौतुकानं विचारलं, "मग काय, रोज खेळता का?" तर तो हसून सांगायचा, "खेळणारे वेगळे. मी पाण्याच्या बाजूचा माणूस."

ते खरंच होतं. राजनचे वडील शिवराम रामटेकच्या अलीकडच्या एका कालव्यावर पाटकरी होते. कालव्याचं दार उघडायचं, ज्याची पाळी त्याच्या धानाच्या बांधीत पाणी सोडायचं, पाळी संपली की दार लावायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. राजननं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तोही पाटबंधारे खात्यातच लागला, कालवा निरीक्षक म्हणून. अकरा वर्षं त्यानं सायकलवरून आणि मग मोपेडवरून कालव्याची वितभर न् वितभर पाहणी केली. बायको उल्का नागपूरला नर्स होती. कॅनडाला अप्लाय करायची कल्पना तिची. नव्याण्णव साली ती दोघं चार वर्षांच्या मैत्रेयीला घेऊन आली. उल्कानं इथली परीक्षा दिली आणि दीड वर्षात हॉस्पिटलमध्ये रुजू झाली. राजनच्या डिप्लोम्याला मात्र कोणी हिंग लावून विचारेना. कालवा निरीक्षक म्हणजे काय, हेच मुळात इंटरव्ह्यू घेणाऱ्याला समजावून सांगावं लागे, आणि सांगून झालं की समोरचा माणूस गोड हसून "आम्ही कळवू" म्हणे. दोन वर्षं त्यानं विमानतळाजवळच्या एका गोदामात खोकी उचलली.

त्यांच्याच बिल्डिंगमध्ये गुरमेल सिंग राहायचा. ओकव्हिलच्या पलीकडे टॅमरॅक होलो नावाच्या गोल्फ क्लबात तो गवत कापायला जायचा. दोन हजार एकच्या वसंतात तो एकदा लिफ्टमध्ये म्हणाला, "खोब्रागडे साहब, खुली हवा का काम है. चलोगे?" राजन गेला. आधी गवत कापायलाच लागला. तिसऱ्या आठवड्यात सहाव्या फेअरवेवर, म्हणजे चेंडू मारत न्यायच्या लांब गवताळ पट्ट्यावर, जमिनीतून पाणी वर आलं. मैदानाचा सर्वेसर्वा ग्लेन मॅकफी दोन माणसं घेऊन पाणी दिसत होतं तिथं खणायला लागला. कंबरेएवढा खड्डा झाला तरी पाइप सापडेना. राजन बाजूला उभा राहून उताराकडे बघत होता. मग पंधरा पावलं चढावर गेला, बूट गवतात रुतवून पाहिला आणि म्हणाला, "इथं खणा." तिथं दोन फुटांवर फुटलेला पाइप निघाला. ग्लेननं त्याला विचारलं, "तुला कसं कळलं?" राजन म्हणाला, "पाणी दिसतं तिथं नसतं, सर. ते येऊन पोचलेलं असतं."

त्या दिवसापासून फावडं आणि पाण्याच्या किल्ल्या त्याच्याकडे आल्या.

मैदानाखालचं पाणी म्हणजे एक गुंताच होता. साठच्या दशकात कोणी काही पाइप घातले, मग पंधरा वर्षांनी कोणी त्याला दुसरे जोडले, पुढं आणखी तिसऱ्यानं. ऑफिसच्या भिंतीवर नकाशा होता, त्यावर सगळे पाइप पट्टीनं आखल्यासारखे सरळ होते. जमिनीत ते झाडाच्या मुळांना वळसे घालत, दगड चुकवत कुठल्या कुठं गेलेले. राजननं एक जाड वही केली. जिथं खणलं तिथलं चित्र काढायचं, शेजारी मराठीत लिहायचं: "बाराव्याच्या मॅपलपासून सतरा पावलं, खोली अडीच फूट, इथं दोन पाइप, वरचा मेलेला." दहा वर्षांत वही भरली. ग्लेनला ती वाचता येत नव्हती. त्याला गरजही नव्हती, कारण वही लिहिणारा माणूसच रोज साडेपाचला हजर असायचा.

दोन हजार दहाच्या ऑगस्टमध्ये ग्लेननं सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. क्लबनं अखेर मनावर घेतलं होतं. जुनी सगळी यंत्रणा काढून टाकायची, अठराही होलना नवे पाइप, नवे स्प्रिंकलर, नवा पंप. काम ऑक्टोबरात सुरू, हिवाळ्यात बंद, पुढल्या जूनच्या आत पूर्ण. मैदान बंद ठेवायचं नाही. नऊ होलवर खोदकाम चाललं की उरलेल्या नऊवर लोक खेळणार. आणि कुठला स्प्रिंकलर किती मिनिटं चालणार हे कॉम्प्युटर ठरवणार.

माणसांनी टाळ्या वाजवल्या. राजननंही वाजवल्या. घरी आल्यावर जेवताना मात्र तो पोळीचा एकच तुकडा कुस्करत बसला.

"काय झालं?" उल्कानं विचारलं.

"नवीन पाइप येऊन राहिले सगळे."

"मग चांगलं आहे नं. रोजचं खणणं वाचलं तुमचं."

"तेच तर. फुटणार नाहीत म्हणतात वीस वर्षं. मग मी काय करू? मला जे येते ते सगळं जुन्या पाइपांचं येते."

उल्कानं त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "आधी घालू तर द्या त्यांना."

काम घेतलं होतं क्वेबेकच्या एका टोळीनं. बारा माणसं, तीन यंत्रं, आणि त्यांचा मुकादम रेजाँ, ब्रॉसार्ड गावचा, पन्नाशीचा, आखूड मानेचा. इंग्लिश बोलताना घाई झाली की तो मधूनच फ्रेंचमध्ये शिरायचा. कामाची पद्धत मात्र देखणी होती. आधी गवताची चादर पट्ट्यापट्ट्यांनी सोलून बाजूला गुंडाळून ठेवायची, मग यंत्रानं चर काढायचा, काळा पाइप तापवून सांधायचा आणि चरात उतरवायचा, माती ठोकून भरायची आणि गवत पुन्हा जसंच्या तसं अंथरायचं. राजन पहिल्या दिवशी डबा खाता खाता हे बघतच राहिला. गवताला कळायच्या आत त्याला परत झोपवतात, त्याच्या मनात आलं.

पण नवे पाइप घालून होईपर्यंत जुने चालू ठेवणं भाग होतं, आणि ते कुठं आहेत हे रेजाँ भिंतीवरच्या नकाशावरून ठरवत होता. चौथ्या दिवशी सातव्या फेअरवेवर चर आखलेला पाहून राजन त्याच्याकडे गेला.

"इथं खाली मोठा पाइप आहे," तो म्हणाला.

रेजाँनं नकाशा दाखवला. "पाइप तिकडे आहे. चाळीस फुटांवर."

"नकाशात तिकडे आहे. जमिनीत इथं आहे."

रेजाँनं त्याच्या गुडघ्यापर्यंतच्या चिखलाळ बुटांकडे पाहिलं, हातातल्या फावड्याकडे पाहिलं आणि "बाँ, बाँ, मेर्सी," म्हणून यंत्रावरच्या माणसाला खूण केली. राजन मागं सरला. दहा मिनिटांत चर काढणाऱ्या चाकाखालून दोन पुरुष उंचीचा फवारा उडाला. मोठी व्हॉल्व्ह बंद करायला राजन धावला, कारण ती कुठल्या झुडपात आहे हेही त्यालाच ठाऊक होतं. तोवर सातव्या फेअरवेचं तळं झालं होतं आणि दोन खेळणारी माणसं आपापले चेंडू शोधत त्यात उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेजाँ दोन कॉफी घेऊन शेडपाशी आला. एक त्यानं राजनला दिली. "तुझ्याकडे वही आहे म्हणतात," तो म्हणाला.

राजननं वही उघडून दाखवली. रेजाँनं पान उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. "ही कुठली लिपी?"

"मराठी. मी वाचतो, तू झेंडे लाव."

पुढचे सहा आठवडे दोघांनी तसंच केलं. राजन पुढं, पावलं मोजत. रेजाँ मागं, लाल झेंड्यांची जुडी काखेत मारून. जिथं वहीत काही नसे तिथं रेजाँ खिशातून पितळेच्या दोन वाकवलेल्या तारा काढायचा, दोन्ही मुठींत सैल धरायचा आणि हळूहळू चालायचा. तारा एकमेकींवर आल्या की खाली पाइप आहे म्हणायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा राजनला हसू आवरेना. गावाकडे असाच एक पाणाड्या कडुनिंबाची बेचकी घेऊन फिरायचा, विहीर कुठं खणायची ते सांगायला. शिवराम तो आला की म्हणायचे, "पाणी लागलं तर याचं, नाही लागलं तर जमिनीचं." राजननं हे रेजाँला इंग्लिशमध्ये करून सांगितलं. रेजाँ गंभीरपणे म्हणाला, "तुझे वडील बरोबर आहेत. पण माझ्या तारा दहापैकी सात वेळा बरोबर असतात. नकाशा तीन वेळा."

नोव्हेंबरच्या शेवटी पाइपांमधलं पाणी हवेच्या दाबानं काढून टाकलं, नाहीतर गोठून ते फुटले असते. मग बर्फ पडला आणि दरवर्षीप्रमाणे राजनला चार महिन्यांची सुट्टी मिळाली. जाताना ग्लेननं त्याच्या हातात एक कागद ठेवला. फेब्रुवारीत नव्या कॉम्प्युटरचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. "तू जा," तो म्हणाला.

राजन जायला तयार नव्हता. पन्नाशीला आलेल्या माणसानं पोरांच्यात बसून माउस हलवायचा, हे त्याला नको होतं. मैत्रेयी तेव्हा दहावीत होती. ती डायनिंग टेबलावर अभ्यास करता करता म्हणाली, "बाबा, जस्ट गो. वर्स्ट केस, यू गेट फ्री लंच." उल्का त्या वेळी ड्यूटीला निघाली होती. तिनं बूट चढवताना एवढंच सांगितलं, "गाडीला विंटर टायर लावून झालेत. बहाणा नको."

तो गेला. पहिला दिवस त्याला जड गेला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर अठरा होलचा नकाशा आला, प्रत्येक स्प्रिंकलरचा एक ठिपका, आणि शिकवणारा सांगायला लागला: कोणाला आधी, कोणाला किती वेळ, एका वेळी किती उघडायचे म्हणजे दाब पडणार नाही. राजन खुर्चीत सरळ झाला. हे तर वडील दाराच्या फळीवर खडूनं लिहायचे तेच होतं. पाळी, वेळ, दार. तिसऱ्या दिवशी त्यानं शिकवणाऱ्याला एक प्रश्न विचारला, आणि शिकवणारा म्हणाला की याचं उत्तर मी तुम्हाला नंतर कळवतो.

दोन हजार अकराचा वसंत पावसात गेला. एप्रिल, मे, नुसता चिखल. यंत्रं रुतत होती, रेजाँ आकाशाकडे बघून फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणत होता. जून सरला तेव्हा पहिले नऊ होल नव्या पाण्यावर चालू झाले होते. मागच्या नऊमध्ये, म्हणजे दहा ते अठरामध्ये, पाइप घालून झाले, पण ते मुख्य पाइपला जोडायचे तर ओढ्याखालून सांधा न्यायचा होता, आणि ओढा भरून वाहत होता. सांधा होईल या भरवशावर मागचा जुना पाइप तोडून झाला होता. जुलैच्या मध्याला स्थिती अशी होती की मागच्या नऊ होलचं जुनं तोडलं होतं आणि नवं जोडलं नव्हतं. आणि नेमका तेव्हाच पाऊस थांबला.

अठरा तारखेच्या सोमवारपासून उन्हाचा तडाखा सुरू झाला. पारा पस्तीसवर गेला. गुरमेल डोक्यावर ओला रुमाल टाकून म्हणाला, "अपने यहाँ तो इसको मौसम अच्छा है बोलते हैं." राजननं नागपूरचा सत्तेचाळीस डिग्रीचा मे काढलेला होता. पण इथलं गवत नागपूरचं नव्हतं. होलच्या भोवती जी ग्रीन असते, मखमलीसारखी कापलेली, तिच्या गवताची उंची तांदळाच्या दाण्याएवढीही नाही आणि मुळं बोटभर. दुपारी ते निळसर-राखाडी होतं, त्यावरून चाललं तर पावलाचा ठसा तसाच राहतो. त्यानंतर दोन तासांत पाणी मिळालं तर जगतं, नाहीतर जातं.

हाताशी दोन टँकर होते. एक मोठा, ट्रॅक्टरला जोडलेला; एक लहान, औषध फवारायचा. पहिल्या नऊच्या पाण्यावर भरायचे, ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडे न्यायचे, नळीनं हातानं पाणी द्यायचं. एका फेरीला चाळीस मिनिटं. ग्रीन नऊ. ग्लेननं राजनला बोलावून सांगितलं, "मागचे नऊ तुझे. मी पुढचे बघतो. कोणाला काय द्यायचं ते तू ठरव."

राजननं त्या सकाळी मातीचा नमुना काढायची पोकळ सळई घेतली आणि नऊही ग्रीन फिरला. प्रत्येक ठिकाणी सळई रोवून मातीचा गोळा काढला, बोटांनी दाबून पाहिला. अठराव्याची ग्रीन क्लबहाउससमोर, सखल, चिकणमातीची; दाबल्यावर गोळा एकत्र राहत होता. चौदावी सगळ्यात लांब, टेकाडावर, नुसत्या वाळूवर बांधलेली. गोळा सळईतून निघताच विखुरला. त्यानं एका पुठ्ठ्यावर पाळी लिहिली. चौदावी आधी, मग बारावी, मग तेरावी, आणि असं करत अठरावी शेवटी. फेअरवेला काही नाही. फेअरवे पिवळे पडले तरी पुन्हा येतात.

बुधवारी संध्याकाळी त्यानं घरी फोन लावला. रामटेककडे पहाट झाली होती. शिवराम ऐंशीला टेकले होते, पण उठणं अजून कोंबड्याच्या आधीचं.

"जय भीम, बाबूजी."

"जय भीम. काय करून राहिला?"

राजननं सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत होता, मधूनच "हं" म्हणत होता.

"सुरुवात कुठून केली?" त्यांनी विचारलं.

"शेवटाकडून."

"बरं केलं. तोंडावरचा माणूस वरडते, कारण तो जवळ असते. शेवटचा वरडला तरी ऐकू येत नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "वरडतील तुह्यावर. वरडू दे."

वडिलांना ते बोलायचा अधिकार होता. राजन नववीत असताना कालव्याच्या तोंडावरच्या एका मोठ्या जमीनदारानं पाळी नसताना दार उघडायला सांगितलं होतं. शेवटच्या टोकाला त्यांच्याच वस्तीच्या चार बांध्या धानाच्या ऐन निसवणीवर, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेवर, होत्या. शिवरामांनी दार उघडलं नाही. त्या माणसानं चारचौघांत जात काढली. शिवराम दारावर बसून राहिले. धान वाचलं. महिनाभरात त्यांची बदली झाली, घरापासून तीस मैलांवर, आणि तीन वर्षं ते फक्त रविवारी घरी यायचे. राजननं ही गोष्ट वडिलांच्या तोंडून कधी ऐकली नाही. आईनं सांगितली होती.

गुरुवारी, एकवीस तारखेला, दहा वाजताच पारा छत्तीसवर गेला. राजन मोठा टँकर भरून चौदाव्याकडे निघाला होता, तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी एक गोल्फची छोटी गाडी आडवी उभी राहिली. तिच्यात हटन होते. क्लबच्या मैदान समितीचे अध्यक्ष, निवृत्त वकील, पांढरी टोपी, अंगावर एक सुरकुती नाही.

"हे पाणी कुठं चाललं?" त्यांनी विचारलं.

"चौदाव्याला, सर."

"शनिवारी इथं लग्न आहे. अठराव्यासमोर फोटो काढणार आहेत. अठराव्याचा फेअरवे पाहिलास का? चटईसारखा झालाय. हा टँकर शनिवारपर्यंत तिथंच राहू दे."

राजननं ट्रॅक्टर बंद केला, म्हणजे आवाज चढवावा लागणार नाही. "अठराव्याची ग्रीन ठीक आहे, सर. तिला दुपारनंतर पाणी देणार आहे. फेअरवे मरत नाही, झोपतो. चौदावीला आत्ता नाही दिलं तर ती जाईल."

"चौदाव्यापर्यंत कोणी फोटो काढायला जात नाही."

"हो, सर."

"मग?"

ग्लेनला रेडिओवर बोलवावं असं राजनला एकदा वाटलं. पण ग्लेन आला असता तर त्याला दोघांच्यात पडावं लागलं असतं, आणि क्लबात त्याला रोज याच माणसासमोर उभं राहायचं होतं. राजन खाली उतरला. टँकरमागची सळई काढली.

"सर, दहा मिनिटं चला माझ्याबरोबर. मग तुम्ही म्हणाल तसं."

हटननी घड्याळ पाहिलं आणि गाडीत सरकून त्याला जागा दिली. आधी अठरावी. राजननं सळई रोवली, मातीचा गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. ओलसर, काळा. मग गाडी टेकाडावर गेली. चौदावी ग्रीन कडेनं निळी पडायला लागली होती, सकाळी खेळून गेलेल्या माणसांचे ठसे तिच्यावर तसेच उमटलेले होते. राजननं पुन्हा सळई रोवली. या वेळी हटनच्या तळहातावर नुसती वाळू आली आणि वाऱ्यानं थोडी उडालीही.

हटननी ती बोटांनी चोळून पाहिली. "ही गेली तर किती दिवस लागतात?"

"नवीन करायची तर पुढचा उन्हाळा येईल, सर."

त्यांनी हात झटकला. "मला हे पटलेलं नाही," ते म्हणाले. "लग्नाच्या लोकांना मी शब्द दिला आहे. ग्लेनशी मी बोलेन." पण पुलापाशी आल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि राजनला जाऊ दिलं.

ग्लेनशी ते खरंच बोलले. ग्लेननं काय सांगितलं ते राजनला कधी कळलं नाही. टँकर मात्र कोणी अडवला नाही.

चौदावी वाचली. पण त्या सगळ्यात पाऊण तास गेला होता. पाळीत पुढचा नंबर बाराव्याचा होता. राजन तिथं पोचला तेव्हा पावणेएक झाला होता आणि पारा अडतीसला टेकला होता. बाराव्याच्या ग्रीनचा अर्धा भाग राखाडीच्या पुढं जाऊन तांबूस झाला होता. त्यानं सगळा टँकर तिच्यावर रिकामा केला, मग दुसरा आणला. गुरमेल नळी धरायला आला. संध्याकाळी सहापर्यंत दोघं तिथंच होते. उपयोग झाला नाही.

राजन घरी आला तेव्हा उल्का ड्यूटीवरून नुकतीच परतली होती. त्याचा चेहरा पाहून ती आधी फ्रिजकडे वळली. ताक काढून दिलं. पेला संपल्यावर तोच म्हणाला, "एक गेली."

"किती होत्या?"

"नऊ."

"आमच्याकडे नवातले आठ घरी गेले तर आम्ही त्याले चांगला दिवस म्हणतो," उल्का म्हणाली. "आणि नववा आठवते, तेही खरं आहे." ती त्याच्या शेजारी बसली.

शनिवारचं लग्न झालं. नवरी पिवळ्या पडलेल्या फेअरवेवरून झगा उचलून चालली, फोटोग्राफरला ते पिवळं गवत उन्हात भारी वाटलं आणि त्यानं सगळ्यांना मुद्दाम तिथंच उभं केलं. ओढा तोवर उतरला होता. रेजाँच्या माणसांनी रविवारची सुट्टी न घेता चर ओढ्याखालून नेला आणि बुधवारी सकाळी सांधा पूर्ण झाला. रेजाँ चिखलानं माखलेला शेडपाशी आला आणि राजनला म्हणाला, "चल. उघडायचं काम तुझं."

मोठी व्हॉल्व्ह एकदम उघडायची नसते. आतली हवा अडकली तर पाइप फुटतो. राजननं ती पाव वळसा, पाव वळसा करत उघडली, कान पाइपाला लावून. लांब कुठं तरी हवा सुस्कारत बाहेर पडत होती. तासाभरानं रेजाँनं रेडिओवरून सांगितलं की शेवटच्या टोकाला पाणी आलं. मग राजन ऑफिसमध्ये गेला, कॉम्प्युटरवर चौदाव्याचे ठिपके निवडले आणि बटण दाबलं. खिडकीतून चौदावी दिसत नव्हती. तो गाडी घेऊन टेकाडावर गेला. चार स्प्रिंकलर गवतातून वर आले होते आणि संथपणे फिरत होते. रेजाँ तिथं आधीच उभा होता, भिजत.

"सा वा?" त्यानं विचारलं, ठीक आहे ना, या अर्थी.

"सा वा," राजन म्हणाला. एवढं फ्रेंच त्याला आलं होतं.

सप्टेंबरात बाराव्याची ग्रीन सोलून नवं गवत अंथरायचं काम निघालं. राजन गुडघ्यांवर बसून पट्ट्यांचे सांधे हातानं दाबत होता, तेव्हा हटन खेळता खेळता तिथं थांबले.

"बाकी सगळ्या वाचल्या," ते म्हणाले. "हीच का गेली?"

राजननं वर पाहिलं. खरं उत्तर त्याच्या जिभेवर होतं. "उशीर झाला, सर," तो म्हणाला.

हटन काठीवर हात ठेवून उभे राहिले. "त्या गुरुवारी?"

"हो."

हटनचे सोबती पुढं जाऊन त्यांची वाट पाहत होते, तरी ते दोन-तीन मिनिटं तिथंच होते. जाताना टोपीला हात लावला. ऑक्टोबरात ग्लेननं राजनला ऑफिसात बोलावून सांगितलं की त्याला आता बारमाही नोकरी आहे, पदाचं नाव इरिगेशन टेक्निशियन, आणि समितीत हा प्रस्ताव हटननी मांडला. राजननं "बरं" म्हटलं. हिवाळ्यात काय करायचं असतं, हा त्याचा पुढचा प्रश्न होता. ग्लेन हसला. "यंत्रं उघडायची, साफ करायची. आणि ती तुझी वही आहे ना, तिच्यासारखी नव्या पाइपांची एक कर. इंग्लिशमध्ये."

त्याच महिन्यात एका मंगळवारी उल्काला सुट्टी होती आणि मैदान देखभालीसाठी बंद होतं. दहा वर्षांत तिनं नवऱ्याच्या कामाची जागा पाहिलेली नव्हती. तिच्या ड्यूट्या आणि त्याचे मोसम कधी जुळलेच नाहीत. राजननं ग्लेनला विचारून एक गाडी घेतली आणि तिला अठराही होल फिरवून आणलं. मॅपल लाल झाले होते. उल्का प्रत्येक ठिकाणी विचारायची, "इथं काय होतं?" आणि तो सांगायचा: इथं फवारा उडाला, इथं रेजाँची तार खोटी ठरली, इथं गुरमेल घसरून पडला.

चौदाव्यावर त्यानं गाडी थांबवली. उल्का खाली उतरली, चपला काढल्या आणि ग्रीनवर दोन पावलं टाकून उभी राहिली.

"चालू का? चालते नं?"

"चाल. हळू."

ती मधोमध जाऊन थांबली. खाली ओढा दिसत होता, पलीकडे क्लबहाउसचं छप्पर. "केवढं मऊ आहे हो," ती म्हणाली. "आणि हे सगळं एका चेंडूसाठी?"

"हो."

"वेडी माणसं." ती अजून थोडा वेळ तिथंच उभी राहिली, मग येऊन गाडीत बसली. डब्यात तिनं थालीपीठ आणि मिरचीचा ठेचा आणला होता. दोघांनी तिथंच बसून खाल्लं. गाडी चार वाजता परत द्यायची होती, आणि वाटेत ग्रोसरी घ्यायची होती.